शिवेबाहेरची चूल

सकाळी आठच्या सुमारास मरीआईचा गाडा किशनरावांच्या दारापुढे थांबला आणि तिथून हलला नाही.

त्याआधी तो गावातल्या बाकी सगळ्या दारांपुढे थांबून आला होता. दर घरची कारभारीण बाहेर आली, ज्वारीची एक मूठ, चिमूटभर हळदकुंकू आणि एक हिरवी बांगडी गाड्यात टाकून आत गेली. गाडा म्हणजे माणसांनी ओढायची लहानशी लाकडी गाडी. वर कडुनिंबाच्या डहाळ्या, मध्ये शेंदूर फासलेली लाकडी मूर्ती. गावात देवीची साथ आली की सगळ्या घरांची मूठ घेऊन हा गाडा शिवेबाहेर सोडायचा, म्हणजे रोग त्याच्याबरोबर जातो. एका घराची मूठ राहिली तर गाडा ओढायचा नाही. आदल्या दिवशी चंद्रभान सुताराचा मुलगा गेला होता. त्याला पुरून आलेला चंद्रभान स्वतः गाड्याच्या दांडीला धरून उभा होता.

किशनरावांचे दार उघडे होते. आतल्या खोलीत त्यांची नात गया निंबाच्या पाल्यावर निजली होती. फोड पिकून एकमेकांत मिसळले होते आणि पापण्या चिकटल्या होत्या. पाला सुनेने, धुरपदाने अंथरला होता. पाला औषध म्हणून चालतो की देवीचा म्हणून चालत नाही, यावर किशनरावांच्या पत्नी नर्मदाबाई यांनी घटकाभर विचार केला होता आणि औषध म्हणून चालतो असे ठरवले होते. गेली तीस वर्षे त्यांचा दिवस अशाच लहान लहान निवाड्यांनी भरलेला असे. शेजारणीने आणून दिलेली खीर नुसती खीर आहे की खंडोबाचा नैवेद्य, लग्नघरी गोंधळ सुरू व्हायच्या आत जेवण उरकेल की नाही, विहिरीचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्यावर फडक्यात राहिलेले जीव परत त्याच विहिरीत सोडले की नाहीत. माहेराहून त्या महानुभाव पंथाचा उपदेश घेऊन आल्या होत्या. एका परमेश्वराशिवाय कुणापुढे हात जोडायचे नाहीत, जीव मारायचा नाही, व्यसन करायचे नाही. गावात ढोंगी माणसाला मानभावी म्हणतात आणि तो शब्द आपल्याच पंथाच्या नावावरून निघाला आहे, हे त्यांना ठाऊक होते. त्याचाही त्यांनी कधी राग धरला नव्हता.

"किशनराव घरात हायेत का?" बाहेरून बन्सीधर पाटलाचा आवाज आला.

"हाय की. या, बसा."

"बसायला आलाव का आमी? वैनीला भायेर बोलवा. ऊन चढायलंय."

नर्मदाबाई गयाच्या ओठांना ओले फडके लावत राहिल्या. धुरपदा भिंतीला टेकून बसली होती. ती सासूकडे बघत नव्हती.

किशनराव हळू आवाजात म्हणाले, "पाटील, आमचं तुमाला म्हाईत हाय. आमी देवतेला देत न्हाई. पैका सांगा, धान्य सांगा, पायलीभर देतो. पुरायला माणसं लागली तर मी येतो."

"पायली कोण मागायलंय? मूठ पायजे."

"मागल्या साथीत बी आमची मूठ नव्हती."

"नव्हती, म्हणून तर आज हालायचा न्हाई गाडा." हा आवाज चंद्रभानचा होता. "मागल्या पाटलानं तुमची भीड ठेवली, तुमचं दार टाळून गाडा नेला. मग काय झालं? साथ गेली का? तुमचा स्वतःचा भुजंग ऱ्हायला का?"

नर्मदाबाईंचा हात थांबला. भुजंग त्यांचा थोरला. गेला तेव्हा तो गयापेक्षा थोडा मोठा होता.

किशनरावांचा धाकटा भाऊ सटवाजी मधल्या भिंतीच्या पलीकडून आला. दोघांच्या चुली वेगळ्या होऊन बरीच वर्षे झाली होती. सटवाजीने उपदेश घेतला नव्हता. उपदेश घेतल्यावर थोरल्या भावाने शिंदी पिणे सोडले, याची तो अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला गंमत सांगत असे. त्याच्या बायकोची, कस्तुराबाईची मूठ कधीच गाड्यात पडली होती.

"पाटील, मी देतो की भावाच्या वतीनं. एकाच बापाचे हाव आमी."

बन्सीधरने पोतराजाकडे बघितले. आश्रुबा पोतराज गाड्याच्या चाकाला पाठ लावून बसला होता. रात्रभर वाजवून त्याचा आवाज बसला होता.

"दादा, तुमची चूल अलग, त्यांची अलग," आश्रुबा म्हणाला. "आई चुली मोजती. भाऊ न्हाई मोजत."

"आई मोजती का तू मोजतूस?"

"मी मोजलं असतं तर कवाच घरी जाऊन निजलो असतो, सटवाजीराव."

दोनचार माणसे हसली आणि चंद्रभानकडे पाहून गप्प झाली.

सटवाजी आत आला. उंबऱ्यापाशी थांबून त्याने गयाकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली. "वैनी, आता लय झालं. रझाकाराच्या वक्ताला ह्याच गावानं आपल्याला लपवलं. ह्याच पाटलाच्या बैलगाडीत बसून तुमी नदी वलांडली. तवा कुणी इचारलं न्हाई तुमी कोणाला मानता म्हणून."

"मी ते इसरले न्हाई भावजी."

"मग?"

"त्यांनी जीव मागितला तर देते. हे मागू न्हाई."

"तुमचा जीव कोण मागायलंय? पोरीचा चाललाय!" सटवाजीचा आवाज चढला. "माझ्या पोरांना का आल्या न्हाईत देवी? सरकारचा टोचणारा आला तवा मी चौघांना वळीनं उभं केलं. आन तुमी? कडब्याच्या गंजीमागं कोण बसलं होतं गयाला घेऊन?"

ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि गया आजारी पडल्यापासून ती कोणी तोंडातून काढली नव्हती. पंथातल्या एका बाईने नर्मदाबाईंना सांगितले होते की टोचायची लस वासराच्या अंगाला जखमा करून, तिथे धरलेल्या पुवातून काढतात. माहिती खरी होती. मुक्या जनावराला असे सोलून काढलेले नातीच्या अंगात घालायला त्यांचे मन धजले नाही. गावातली आणखीही माणसे त्या दिवशी पोरे घेऊन पळाली होती, पण ती देवी कोपेल म्हणून. गंजीमागे बसताना नर्मदाबाईंना आपण त्यांच्याहून वेगळ्या आहोत असे वाटले होते.

"काका, बस करा," दारातून वैजीनाथ म्हणाला. गयाचा बाप. पहाटे तो सोनपेठला डॉक्टरकडे गेला होता आणि आत्ताच परत आला होता. "डॉक्टर न्हाई यायचा. म्हणला, आता काय करायचं नसतंय, पाणी पाजा आन वाट बगा." तो आईसमोर उकिडवा बसला. "माय, मी टाकू का मूठ?"

"कारभारणीनं टाकायची असती," धुरपदा म्हणाली. सकाळपासून ती प्रथमच बोलत होती. "आमच्या राणीसावरगावात बी तसंच हाय."

"मग तू म्हण की मायला."

"मी म्हणलं तर त्यांना वाटल, माहेरचं बोलायलीय." धुरपदा सासूकडे वळली. "आत्याबाई, ह्या घरात आले तवा मला दोनदा पाणी गाळायचं म्हाईत नव्हतं. शिकले. माझ्या मायच्या अंगात देवी येती, तर तिच्या हातचा नैवेद्य खायाचा सोडला. माय रडली, तरी सोडला. कधी काय मागितलं का मी?"

"न्हाई मागितलंस."

"आज बी न्हाई मागत. एकच सांगा. मरीआई खोटी हाय म्हणा. लाकूड हाय नुसतं, तिच्यानं काय होत न्हाई, असं म्हणा तुमच्या तोंडानं. मी गप बसते. पोरगी गेली तरी तुमाला बोल लावणार न्हाई."

पंथ तसे म्हणत नव्हता. मठातल्या बाबांनी त्यांना शिकवले होते ते असे: देवता आहेत. त्या आपापल्या ताकदीपुरते फळ देतातही. कुणाला मूल, कुणाला पीक, कुणाला आजारातून उठणे. फक्त सुटका देत नाहीत. ती एका परमेश्वराकडेच. म्हणून जो देवतेच्या दारात गेला त्याला तिचे फळ मिळते आणि परमेश्वर अंतरतो. हे ऐकले तेव्हा नर्मदाबाई तरुण होत्या आणि त्यांना ते फार स्वच्छ, फार न्यायाचे वाटले होते. पुढे भुजंग गेला. त्या वेळीही गाडा निघाला होता, त्या वेळीही मूठभर ज्वारी घरात होती. मूठ टाकली असती तर तो कदाचित उठला असता, हे त्या तेव्हाही जाणून होत्या. परमेश्वरासाठी मुलगा दिला, असे त्यांनी स्वतःला सांगितले आणि त्यावर पुढची वर्षे काढली. आज गयासाठी मूठ टाकली तर भुजंगाला कशासाठी दिले, याला उत्तर उरत नव्हते.

"बोला की," धुरपदा म्हणाली.

"मला खोटं बोलता येत न्हाई, धुरपदा."

"म्हंजी ती हाय."

"हाय."

"आन तिच्यानं होतंय."

नर्मदाबाईंनी फडके पुन्हा पाण्यात बुडवले.

धुरपदा उठून उभी राहिली. ती ओरडली नाही. "मग तुमच्यापरीस ते भायेरचे बरे. त्यांना कळत न्हाई म्हणून ते धोंड्याला पुजत्यात. तुमाला कळून बी तुमी पोरीला मरू द्यायलाव."

"ए, नीट बोल," वैजीनाथ म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. तो आईजवळून उठला आणि बायकोच्या बाजूला जाऊन उभा राहिला. नर्मदाबाईंनी ते पाहिले.

किशनराव आत आले. त्यांनी पागोटे काढून हातात धरले होते. "वैजीनाथची माय, तू बस. मूठ मी टाकतो. पाटलाला मी मनवतो. पाप लागल ते मला लागल."

"तुमी उपदेश माझ्या सांगण्यावरनं घेतला. मोडला तर माझाच मोडला."

"मग मोडू दे!" किशनराव इतक्या मोठ्याने कधी बोलत नसत. गया दचकली आणि पाणी म्हणून कण्हली. नर्मदाबाईंनी तिच्या ओठांवर फडके पिळले. पाणी गळ्याखाली उतरेपर्यंत त्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग उठून त्या बाहेर ओट्यावर आल्या. त्यांना पाहून हलगीवाल्याने काठी उचलली, पण त्यांचे दोन्ही हात रिकामे होते.

"आश्रुबा, एक इचारते. मूठ माणसाची असती का घराची?"

"चुलीची, माय. ज्या चुलीवर भाकर होती त्या चुलीची. तिची जी कारभारीण, तिच्या हातची."

"घरची मोठी बाई मेली तर?"

"मग तिच्या खालची. सून."

"आन मेली न्हाई, दुसरीकडं चूल मांडली तर?"

"दुसरीकडं म्हंजी गावातच ना? मग तिथं बी मूठ लागल."

"शिवेभायेर मांडली तर?"

आश्रुबाने पाटलाकडे पाहिले. बन्सीधर म्हणाला, "शिवेभायेरची चूल आमच्या गावची न्हाई. पण वैनी, गाडा गेल्यावर शीव बांधतेत. पुनवेपर्यंत भायेरचं माणूस आत येत न्हाई. म्हाईत हाय ना?"

"म्हाईत हाय."

ओढ्यापलीकडे किशनरावांचे एक वावर होते. ते खालच्या गावाच्या हद्दीत येई. त्यात राखणीचे खोपटे होते. नर्मदाबाई आत गेल्या आणि गोळा करू लागल्या: तवा, थोडे पीठ, पाणी गाळायचे फडके, आणि देवघरातले लहान गाठोडे. त्या काय करतात हे सगळ्यात आधी कस्तुराबाईला कळले. ती मागच्या दाराने आली होती.

"जाऊबाई, डोकं ठिकाणावर हाय का? लहानपणी देवी येऊन गेलेल्या ह्या घरात तुमी एकल्या." तिने नर्मदाबाईंच्या वणांनी भरलेल्या तोंडाकडे बोट केले. "तुमाला परत यायच्या न्हाईत. धुरपदाला कवा आल्या? तुमी गेल्यावर पोरीला कोण हात लावील?"

"मी लावीन," धुरपदा म्हणाली. "माझी हाय."

सासूसुनेची नजर एकदाच भिडली. धुरपदाच्या डोळ्यांत राग होता आणि त्याच्या मागे भीती होती. थांबा म्हणावे असे तिच्या ओठांवर आले असावे. ती म्हणाली नाही. नर्मदाबाईंनी ओल्या फडक्याची वाटी गयाच्या उशापासून उचलून तिच्या हातात दिली.

"आन मी?" किशनराव दारात उभे होते. "माझी भाकर कुठं?"

"ज्या चुलीवर खाल, त्या घरचे."

"ह्या वयात असं इचारायला लावतीस?"

"तुमाला कोण लावायलंय? मी माझ्यापुरतं बगायलेय."

गाड्याला वळसा घालून त्या बाहेर पडल्या. माणसे बाजूला झाली. वेशीपाशी पोहोचल्या तेव्हा मागे हलगी सुरू झाली, म्हणजे धुरपदाने मूठ टाकली होती. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

सूर्य कलताना गाडा ओढ्यापर्यंत आला. माणसांनी तो पाण्यातून ओढत पलीकडे घातला आणि नर्मदाबाईंच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर सोडून दिला. कोणी त्यांच्याकडे पाहिले नाही. परतताना त्यांनी शिवेच्या दगडापाशी निंबाचे तोरण बांधले आणि राखेची रेघ ओढली. किशनराव त्या माणसांबरोबर आले होते. ते गावात परत गेले नाहीत आणि ओढाही ओलांडला नाही. काठावर बाभळीखाली बसून राहिले. नर्मदाबाईंनी दोन भाकरी केल्या, एक पलीकडे किशनरावांना दिसेल अशी आपल्या काठच्या दगडावर ठेवली. ती तिथेच राहिली. सटवाजीच्या घरून आलेले ताटही किशनरावांनी परत पाठवले.

उपदेश शाबूत राहिला होता. हात कोरडे राहिले होते. नर्मदाबाई नेहमीप्रमाणे स्मरणाला बसल्या, आणि तीस वर्षांत प्रथमच त्यांना नाव घेता घेता थांबावे लागले. मूठ टाकता यावी म्हणून घर मोकळे करून देणारी बाई कोण होती? आपण देवतेला काही दिले नाही, फक्त देणारीच्या वाटेतून उठलो. हे परमेश्वराला चालेल की नाही, हे त्यांना मठात कोणी सांगितले नव्हते. आणि चालत असेल, तर भुजंगाच्या वेळी एवढे तरी का सुचले नाही? तेव्हाही हे वावर होते. तेव्हाही खोपटे होते.

दुसऱ्या दिवशी खालच्या गावची माणसे आली. गाडा पाहून त्यांनी शिव्या दिल्या आणि तो ओढत आपल्या शिवेपलीकडे पुढच्या गावाकडे घेऊन गेली.

सोनपेठच्या बाजाराच्या दिवशी सकाळी वैजीनाथ ओढ्याच्या काठावर आला. शिवेची राखण करायला चंद्रभान आणि आणखी काही जण काठ्या घेऊन बसलेले होते. बाभळीखालून किशनराव उठले.

"माय!" वैजीनाथने हाक दिली. "गयीला खपल्या धरल्या. ताप उतरला. एक डोळा उघडला. दुसऱ्याचं कळत न्हाई."

नर्मदाबाई मटकन बांधावर बसल्या. चंद्रभान जमिनीकडे बघत म्हणाला, "बगा, गेला ना गाडा!" त्याच्या बोलण्यात आनंद नव्हता.

"पाणी प्याली का?" नर्मदाबाईंनी विचारले.

"प्याली. माय..." वैजीनाथ थांबला. "धुरपदाला ताप हाय. काल सांजंपासून. पाठ मोडून आली म्हणायलीय. उठून बसता येईना. काकी भ्यानं आत येईना गेली. गयीला मी पाणी पाजायलोय, पण मला बी येऊन गेल्या न्हाईत."

नर्मदाबाईंनी खोपट्यातून काही घेतले नाही. त्या तशाच उतारावरून ओढ्यात उतरल्या. पाणी घोट्यापर्यंत होते. काठावरची माणसे उभी राहिली.

"पुनव झाली न्हाई, वैनी," कोणीतरी म्हणाले.

कुणी गावात जाऊन बन्सीधर पाटलाला घेऊन आले. तो धापा टाकत आला, त्याने वैजीनाथकडून सगळे ऐकून घेतले, आणि मिशीवरून हात फिरवला.

"वैनी, तुमचं जाणं गरजेचं हाय, मला कळतंय. मी आडवणार न्हाई. मूठ बी मागत न्हाई. शिवेचा दगड हाय हितं, आई बसलीय त्यात. नुसते हात जोडा आन या. कुणाला दिसायचं बी न्हाई, आमी तोंडं फिरवतो."

त्याने खरोखरच माणसांना तोंडे फिरवायला लावले. चंद्रभानने मात्र तोंड फिरवले नाही.

"माय," वैजीनाथ म्हणाला.

किशनराव बाभळीखालीच उभे राहिले.

ऊन माथ्यावर आले तेव्हा पाटील सावलीला जाऊन बसला होता आणि वैजीनाथ पोरीला पाणी पाजायला घरी परतला होता. नर्मदाबाई अजून ओढ्यात उभ्या होत्या. दगड त्यांच्यापासून चार पावलांवर होता. त्यांचे हात पदराखाली होते.